जुन्या जीपसाठी चांद्यापर्यंत

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत राहणाऱ्या माणसाला लोखंडाचे आयुष्य किती, हे सांगावे लागत नाही. खिडकीचे गज, शिवणयंत्राचे पाय, सायकलचे मडगार्ड, सगळ्याला खारी हवा लागते. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर गाडीच्या पोटाला चिकटलेला चिखल वाळतच नाही आणि त्यात मिठाचा अंश असतो. मीठ ओल धरून ठेवते आणि गंजाला वेग देते. आमच्या बौद्धवाडीची जीप अशीच गेली. इंजिन ठणठणीत होते, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गळून पडल्यामुळे तिथे लाकडी फळी टाकलेली होती. शेवटी नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा चेसिसवर ठोकलेला नंबर सापडेना. गंजाने आकडे खाऊन टाकले होते. नंबर वाचता येत नाही म्हटल्यावर नूतनीकरण नाही, आणि गाडी गेली भंगारात.

वाडीला जीप लागते ती हौसेखातर नव्हे. गावाचा डांबरी रस्ता खालच्या आळीपर्यंत येऊन थांबतो. पुढे दीड किलोमीटर लाल मातीची चढण आहे. पावसाळ्यात तिथे रिक्षा चढत नाही, मोटारसायकल घसरते. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे एक आजोबा, दिवस भरलेल्या लेकीसुना, सिमेंटची पोती, आंब्याच्या पेट्या, या सगळ्यांची ये-जा चारही चाकांना जोर असलेल्या जीपवरच होते. म्हणून अकरा घरांनी प्रत्येकी २२ हजार रुपये काढले. चार घरांनी ते बचत गटातून उचलले. जमले २ लाख ४२ हजार. एवढ्या पैशांत नवी गाडी येत नाही, आणि जुनी घ्यायची तर कोकणातली नको, यावर सभेत एकमत झाले. मग आणायची कुठून?

चांद्याचे नाव माझ्या चुलतभावाने काढले. तो पूर्वी ट्रकवर होता, बल्लारपूरच्या कारखान्यातून कागद भरायला जात असे. "दादा, तिकडच्या जिपा खाली वाकून बघ. वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या, रंग उडालेला, पण पत्र्याला बोट लावलं तर आत जात नाही." म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे निघालो. ड्रायव्हिंग त्याचे, कागदपत्रे माझी, अशी वाटणी ठरली होती. पैसे मात्र बँकेत ठेवले होते. खिशात फक्त वाटखर्ची.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे मूळचे एकच जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला. आजही गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे पोचते ती वडशाला, म्हणजे देसाईगंजला. बाकी सगळे एस.टी., काळीपिवळी आणि जीप यांच्यावर चालते. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रने विलिस जिपा जोडायला सुरुवात केली, आणि पुढे या जंगलात जीप आली ती सरकारची म्हणून: वनखात्याची, तहसीलची, पोलिसांची, हिवतापाची गोळी घेऊन येणाऱ्यांची. पाड्यावरच्या माणसाला जिपेचा आवाज म्हणजे साहेब आल्याची वर्दी. आमच्या कोकणातल्या वाड्यांवरही जीप यायची ती निवडणुकीला. सरकारी जीप वयात आली की लिलावात निघायची आणि एखादा शेतकरी ती घ्यायचा. आता तो मार्ग बंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या मोडीत काढण्यासाठी जातात. म्हणजे लिलावातून आधीच खासगी नावावर गेलेल्या ज्या जिपा शिल्लक आहेत, तेवढ्याच. त्यातच शोधायचे.

मुंबईहून सेवाग्राम एक्सप्रेसने वर्ध्याला उतरलो आणि बल्लारशहाकडे जाणारी गाडी धरली. हिंगणघाटपर्यंत कापूस दिसतो. वरोरा-माजरी आले की रुळांच्या कडेची माती काळी होते, ती कोळशाने. भांदक, म्हणजे भद्रावती, इथे विजासनची बौद्ध लेणी आहेत. गाडीतून उतरायला वेळ नव्हता, पण कुटुंबासह येणाऱ्यांनी ती चुकवू नयेत. पुढे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसू लागतात. २,९२० मेगावॉटचे हे केंद्र. आपल्या घरातला दिवा यांच्यातल्या एखाद्या चिमणीमुळे लागत असेल. त्याची राख मात्र चंद्रपूरकरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.

चंद्रपूर हे गोंड राजांचे शहर. परकोट अजून उभा आहे, जटपुरा गेटमधून आजही वाहतूक चालते. आमचा मुक्काम चळवळीतल्या एका जुन्या ओळखीच्या घरी होता. वहिनींनी लाखोळीचे वरण आणि भात वाढला आणि पहिलाच प्रश्न केला, "मुंबईकडं गाड्या मिळत नाहीत का जी?" दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमीवर गेलो. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. डिसेंबरच्या त्या सकाळी मैदानात फक्त महाविद्यालयाची पोरे होती.

मग सुरू झाली गॅरेजची फेरी. गॅरेजच्या दारात "जय भीम" म्हटले की दोन खुर्च्या आणि चहा येतो, हा अनुभव इथेही आला. त्या शब्दाने परक्या गावात धीर येतो. तरी एक सांगतो. गाडी दाखवणारा आपला माणूस असला तरी तिच्याखाली आपण स्वतः आडवे व्हावे. पैसा अकरा घरांचा आहे, आणि ओळखीमुळे चेसिसची भेग बुजत नाही. खऱ्या आपल्या माणसाला त्याचे वाईट वाटत नाही. त्या मेकॅनिकने स्वतःच पोते अंथरून दिले.

पहिली जीप चकचकीत होती. भावाने खिशातला चुंबक फडक्यात गुंडाळून दारावरून फिरवला. (फडके अशासाठी की रंगावर ओरखडा पडू नये.) वरच्या भागात चुंबक धरला, खाली येताच सुटला. तिथे पत्रा नव्हताच, पुट्टी भरून रंग दिलेला होता. मेकॅनिक हसला. ती जीप बरीच वर्षे कोळसा खाणीवर भाड्याने लावलेली होती. कोळशात गंधकाचा अंश असतो. त्याचा ओला चुरा पत्र्याच्या सांध्यांत बसला की आम्ल तयार होते आणि लोखंड आतून पोखरते. समुद्र शेकडो कोस दूर, पण पत्र्याची गत कोकणासारखीच. चांद्याची गाडी म्हणजे कोरडी गाडी, असे आम्ही घरून धरून आलो होतो. ते अर्धेच खरे निघाले. "खानीची नका घेऊ भाऊ, जंगलाकडची पाहा," मेकॅनिक म्हणाला. या भागात गंजाला जंग म्हणतात.

ताडोबाच्या जिप्सींचा विषयही निघाला. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि वाघ पाहायला येणाऱ्यांना मारुतीच्या उघड्या जिप्सीतून फिरवतात. पण जिप्सी पेट्रोलवर चालते, आणि २०१९ पासून कंपनीने तिची खासगी विक्री थांबवल्यामुळे जुन्या जिप्सीला हौशी लोक मागतील तो भाव देतात. आमच्यासारख्यांनी त्या बाजारात उभे राहू नये.

आम्ही एस.टी.ने मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालो. शहर सुटते न सुटते तोच लोहाऱ्याचे जंगल लागते. साग, मोह, तेंदू, मध्येच बांबूची बेटे. चिचपल्लीला बांबूचे प्रशिक्षण केंद्र आहे. मूलच्या पुढे भातशेती सुरू होते. डिसेंबरात मळणी चालू होती, बांधाबांधावर तणसाचे ढीग लागले होते. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा रुंद पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पावसाचा आकडा सांगायचा तर चंद्रपूरला वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या निम्म्याहूनही कमी. तोही सरला की आठ महिने कोरडे, आणि मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात गाडीच्या सांध्यांतली ओल टिकत नाही. रबर तडकते, सीटचे कापड फाटते, रंग पांढरा पडतो. पण हे सगळे बाजारात नवे मिळते. चेसिस मिळत नाही.

गडचिरोलीच्या स्टँडजवळ काळीपिवळीच्या चालकांशी बसून बोललो. जिपेला इथे कोणते दुखणे होते, हे त्यांच्याकडून कळले. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की गावाचा संपर्क तुटतो. वाटेत पुरे नाले. नाल्यातून गाडी काढताना पाणी डिफ्रेन्शियलमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये शिरते. त्यामुळे खालचा बोल्ट सैल करून ऑइल पाहायचेच. दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी गेले आहे असे समजावे. दुसरे दुखणे ओझ्याचे. नऊ जणांच्या जागी सोळा बसवल्याने मागच्या पाट्यांची जिथे पकड असते, तिथे चेसिसला भेग जाते आणि वरून पट्टी मारून वेल्डिंग केलेले असते. अशी पट्टी दिसली की गाडी सोडावी.

यातला एक चालक बोलता बोलता गप्प झाला. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याकडे जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. त्यात १५ पोलीस गेले आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या खासगी गाडीचा चालकही गेला. "पोट भाड्यावर हाय जी. कोन बसते अन् कुठं जाते, हे इचारून चालत नाई." रात्री जेवणाच्या वेळी लाऊडस्पीकर लावलेली एक जीप गावातून फिरून गेली, वडशाच्या कंपनीच्या नाटकाची जाहिरात करत. झाडीपट्टीत दिवाळीपासून नाटकांचा हंगाम असतो आणि तो रात्रभर चालतो. भावाला जायचे होते. मी उद्याच्या कामाचे नाव सांगून त्याला झोपवले.

हवी तशी जीप मिळाली ती परतीच्या वाटेवर, सावली तालुक्यातल्या एका खेड्यात. आसोला मेंढा तलावाच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याची. एमएम ५४०, फोर व्हील, १९९८ ची, वनखात्याच्या लिलावातून २०१२ मध्ये घेतलेली. नंबर एमएच-३४. वरचा हिरवा रंग उन्हाने राखाडी झालेला, हूड फाटलेले, एक दिवा फुटलेला. पाहताच कोणी घेणार नाही. भाऊ खाली शिरला आणि छोट्या हातोडीने चेसिसवर टकटक करत पुढून मागे गेला. कुजलेला पत्रा भद्द वाजतो, निकोप पत्रा खणखणतो. बॅटरीखालची जागा, मडगार्डच्या आतला भाग, पायाखालचा पत्रा, पाट्यांच्या पकडी, सगळीकडे खणखणीत. वर गंजाची पातळ लाली होती, पण ती पोलिश कागदाने जाणारी. मी चेसिसच्या नंबरावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा कागदावर उमटला. आर.सी.बुकाशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. आमची जुनी जीप ज्या आकड्यांवाचून गेली ते आकडे असे स्वच्छ उमटलेले पाहून दोघांनाही बरे वाटले.

शेतकऱ्याने २ लाख २० हजार सांगितले. घासाघीस चालू असताना त्यांची बायको तांदूळ पाखडत ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, "तुमच्या तिकडं समुद्र हाय म्हनते. मंग हे बी सडन ना जी तिथं?" आम्ही दोघेही क्षणभर अडखळलो. मग भाऊ म्हणाला, "सडंल वहिनी. पण लवकर सडू देणार नाही." वाडीत दवाखान्यासाठी गाडी लागते हे ऐकल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिले आणि १ लाख ८५ हजारांवर बोलणे थांबले. तिचाही शब्द व्यवहारात होता, हे मला आवडले. आपल्याकडे गाडीच्या व्यवहाराला बाया चहापुरत्या येतात.

पैसे देण्याआधी एक दिवस कागदांसाठी थांबलो, आणि तो दिवस कोणीही वाचवू नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातही २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. या काळात दारू वाहताना पकडलेल्या किती गाड्या ठाण्यांच्या आवारात पडून राहिल्या. तसेच चोरटा साग वाहणारी गाडी वनगुन्ह्यात सरकारजमा होऊ शकते. तेव्हा इकडची जुनी गाडी घेताना ती कोणत्या गुन्ह्यात अडकलेली नाही ना, याची पोलीस ठाण्यात आणि वनविभागाच्या कचेरीत जाऊन चौकशी करावी. आम्ही केली. बँकेचा बोजा, विमा, थकलेले दंड हे आता मोबाईलवर एम-परिवहनमध्ये दिसते. नोंदणी २०२८ पर्यंत नूतनीकरण केलेली होती. नमुना २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घेतल्या आणि पैसे त्याच्या खात्यात बँकेमार्फत भरले. सीमेपलीकडे तेलंगणात जिपा याहून स्वस्त मिळतात असे सांगणारे भेटले. पण परराज्यातून आणायची तर ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवा नंबर हे सगळे ओघाने येते. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो, एमएच-३४ ची पाटी कोकणातही चालते.

गाडी वाडीची असली तरी नोंदणी एकाच्या नावावर करावी लागते. अपघात झाला तर जबाबदारीही त्याच्यावर येते. म्हणून अकरा घरांचा करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला आहे. कोणाचा किती वाटा, नावधारक वारला तर पुढे काय, एखादे घर बाहेर पडले तर त्याला किती परत, हे सगळे त्यात लिहिले आहे. सामाईक वस्तूवरून भाऊबंदकीत फूट पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहे.

परतीचा प्रवास घुग्घुस, वणी, यवतमाळ, पुसद, हिंगोली, परभणी, बीड, अहिल्यानगर, पुणे आणि ताम्हिणी घाटातून माणगाव असा झाला. ताशी ४०-४५ च्या वेगाने तीन दिवस. पुसदच्या घाटात ब्रेक गरम झाले, तिथे ब्रेकशू बदलले. बीडला बॅटरीने मान टाकली. प्युजो इंजिन मात्र थंडीत एका हाकेत चालू होत होते.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात गाडीचे पोट धुऊन, घासून, रेड ऑक्साईड आणि त्यावर डांबरी रंगाचे दोन हात दिले. चेसिसच्या नळीत आतून जुने इंजिन ऑइल फवारले. पावसाळ्यात दर रविवारी गोड्या पाण्याने खालून धुवायचे, आणि पुळणीवर गाडी न्यायची नाही. ही पाळी घरटी लावून दिली आहे, तक्ता समाज मंदिराच्या दाराशी आहे.

हिशेबही तिथेच लावला आहे. जीप १,८५,०००, जातानाचे भाडे ३,६००, येतानाचे डिझेल ९,३००, दोघांचे जेवणखाण १,७००, ब्रेकशू आणि बॅटरी ७,९००, विमा ९,३००, नावबदल आणि मुद्रांक १,१००, खालचा रंग आणि मजुरी ८,५००. एकूण २,२६,४००. शिल्लक १५,६०० रुपये पोस्टात ठेवले आहेत. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १० हजार रुपये झाली, ती २०२८ मध्ये याच रकमेतून भरायची आहे.